चौदा वर्षांनी पाळक बदलले: एका मंडळीचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. काही आकडे आणि तारखा थोड्या बदलल्या आहेत. घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच मांडले आहेत.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची ही मराठी मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद. रजिस्टरवर 140 कुटुंबे, रविवारच्या उपासनेला साधारण 180 माणसे. शिवाय 12 ते 20 किलोमीटरच्या आत तीन खेड्यांवर लहान मंडळ्या, तिथे महिन्यातून एकदा उपासना. चर्च कमिटी 11 जणांची. कमिटीचे अध्यक्ष पदसिद्ध म्हणून पाळकच, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू.

या भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासूनचे. ते मिशन काँग्रिगेशनल वळणाचे होते, म्हणजे आपला पाळक मंडळीने स्वतः बोलवायचा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले आणि अशा मंडळ्या बिशप असलेल्या व्यवस्थेत आल्या. पाळकाची नेमणूक आणि बदली धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या, हातात गेली. पण ‘आमचा पाळक आम्ही निवडतो’ हे आजोबांच्या तोंडून ऐकलेले वाक्य घराघरांत राहिलेच. एरवी ते कुणाला आठवत नाही, पाळक बदलायची वेळ आली की मात्र हटकून आठवते. पुढे जे घडले त्याचे एक मूळ इथे आहे.

आधीचे पाळकसाहेब 14 वर्षे एकाच जागी होते. ज्यांना त्यांनी बाप्तिस्मा दिला तीच मुले आता दृढीकरणाच्या (स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात बसत होती. पाळकीणबाईंनी बुधवारचे महिला मंडळ आणि रविवारची शब्बाथशाळा (मुलांचे बायबलचे वर्ग) दोन्ही चालवली, एक रुपया मानधन न घेता. निवृत्तीनंतर राहण्यासाठी दोघांनी त्याच गावात, चर्चपासून एक किलोमीटरवर, दोन खोल्यांचे घर बांधले होते.

अडचण

धर्मप्रांताचे पत्र 20 जानेवारीला आले. पाळकसाहेब 31 मार्चला निवृत्त होणार आणि नवे पाळक 15 जूनला रुजू होणार. नव्या पाळकांच्या मुलांच्या परीक्षा आणि शाळेचे वर्ष पाहून तारीख ठरवली होती, आणि ते योग्यच होते. पण मधल्या 11 आठवड्यांत पवित्र आठवडा, पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) आणि मे महिन्यातली सहा लग्ने येत होती.

कमिटीला पहिल्या दिवशी अडचण एकच दिसली, प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, कोण देणार. खरी अडचण वेगळी होती. 14 वर्षांत मंडळीचा बराचसा कारभार वहीतून निघून पाळकसाहेबांच्या डोक्यात गेला होता. कोणत्या आजारी माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन द्यायचे, कबरस्थानात कोणती जागा कुणाची, कोणत्या दोन भावांना एका बाकावर बसवायचे नाही, कापणीच्या सणातल्या लिलावाचे धान्य कुणाच्या घरी गुपचूप पोचवायचे, हे सगळे त्यांना ठाऊक होते आणि इतर कुणालाच पुरते ठाऊक नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. मनापासून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे असेच होते, आणि कमिटीलाही ते सोयीचे असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुदतवाढीचा. फेब्रुवारीच्या पहिल्या दोन रविवारी उपासनेनंतर अर्जावर 86 सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांचे प्रेम खरे होते. पण मुदतवाढ मिळाली असती तर एका वर्षाने हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता, आणि येणाऱ्या पाळकांना ‘आम्हाला तुम्ही नको होता’ असा कागद धर्मप्रांताच्या फायलीत आयता सापडला असता. शेवटी पाळकसाहेबांनीच सेक्रेटरींना घरी बोलावले. ‘भाऊ, हा कागद पुढे गेला तर माझ्यानंतर येणाऱ्याला तुम्ही दारातच अडवलंत असं होईल,’ ते म्हणाले. अर्ज पाठवला गेला नाही. पूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो जाणाऱ्या माणसाने घेतला.

दुसरा पर्याय मंडळीतल्याच एका अनुभवी उपदेशकाला हंगामी जबाबदारी देण्याचा. उपदेशाला ते उत्तम होते, पण दीक्षित (पाळकपदाची दीक्षा मिळालेले) नसल्याने प्रभुभोजन आणि लग्न त्यांना लावता येत नव्हते. शिवाय ते गावातल्या एका मोठ्या घराण्याचे, त्यामुळे दुसऱ्या घराण्याने लगेच नाक मुरडले.

तिसरा पर्याय निवृत्त पाळकसाहेबांनाच जूनपर्यंत चालू ठेवण्याचा. सर्वांत सोपा, आणि सर्वांत घातक. नवे पाळक आले त्या रविवारी जुने पाळक व्यासपीठावरून उतरले असते आणि अख्ख्या मंडळीने ते डोळ्यांनी पाहिले असते.

चौथा पर्याय निवडला: 22 किलोमीटरवरच्या शेजारच्या मंडळीचे पाळक प्रभारी, पहिल्या रविवारी प्रभुभोजनासाठी त्यांची हजेरी, बाकीच्या रविवारी उपदेशाची पाळी चौघांत वाटलेली. प्रवासखर्च आणि मानधनाची रक्कम ठराव करून आधीच लिहून ठेवली. हे लिहिले नाही की तिसऱ्या महिन्यात कुणीतरी ‘एवढे कशाला द्यायचे’ म्हणतोच.

काय केले

*सोमवारच्या बैठका.* 12 फेब्रुवारीपासून सहा सोमवारी, संध्याकाळी दोन तास, सेक्रेटरी, खजिनदार आणि कॉलेजात शिकणारा एक तरुण पाळकसाहेबांसमोर बसले. तरुणाने 200 पानी वही भरली. त्यात घरी प्रभुभोजन लागणारी 17 माणसे आली, प्रत्येकापुढे बारीक नोंद: कोणाला ऐकू येत नाही, कोणाला साखरेमुळे द्राक्षरस अगदी थोडा, कोणाच्या घरी दुपारी दोननंतरच जायचे. तीन खेड्यांवर उपासनेची चटई आणि पेटी कुणाच्या घरी असते तेही लिहिले. काय लिहायचे नाही हेही ठरवले. विश्वासाने सांगितलेल्या घरच्या गोष्टी, व्यसन, नवराबायकोचे वाद वहीत घ्यायचे नाहीत. त्या त्या कुटुंबाची परवानगी घेऊन पाळकसाहेबांनी त्या जूनमध्ये नव्या पाळकांना तोंडी सांगाव्यात. ही रेघ आखली नसती तर वहीच भांडणाचे कारण झाली असती.

रजिस्टरे तपासताना बाप्तिस्म्याच्या 11 नोंदी सापडल्या नाहीत. खेड्यांवर झालेले बाप्तिस्मे होते ते. तारखा पाळकसाहेबांच्या खिशातल्या डायऱ्यांत होत्या, मूळ रजिस्टरवर चढवायच्या राहिल्या होत्या. डायरीवरून, आईवडिलांना बोलावून, त्यांच्यासमोर नोंदी पूर्ण केल्या आणि शेजारी ‘उशिरा नोंद’ म्हणून त्या दिवसाची तारीख घातली. मागची तारीख घालून नोंद करण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळायलाच हवा, कारण लग्नाच्या वेळी हाच दाखला लागतो.

*बँक.* इथे चूक झाली. खात्यावर पाळक आणि खजिनदार अशा दोघांच्या सह्या चालत. सही बदलण्याचा ठराव कमिटीने 5 एप्रिलला केला, म्हणजे अध्यक्ष निवृत्त झाल्यावर. बँकेने विचारले, सभा कुणाच्या अध्यक्षतेखाली झाली? प्रभारी पाळकांच्या नेमणुकीचे पत्र धर्मप्रांताकडून येऊन, नव्या सह्या आणि केवायसी होईपर्यंत 26 दिवस चेक वटला नाही. चर्चच्या रखवालदाराचा पगार आणि विजेचे बिल खजिनदारांनी पदरचे भरले. ठराव मार्चच्या सभेत ‘1 एप्रिलपासून लागू’ असा केला असता तर हे टळले असते. नंतर तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या अशी सोय केली.

बालवाडीचा ट्रस्ट वेगळा नोंदलेला होता आणि पाळक त्याचे पदसिद्ध अध्यक्ष. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे असा बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात, अगदी काठावर झाले. जुने पाळक गावातच असल्याने त्यांची सही लगेच मिळाली.

*कबरस्थान.* 12 एप्रिलला एका वृद्धांचे निधन झाले. मुलाचे म्हणणे, आईच्या शेजारची जागा वडिलांसाठी राखलेली आहे. दफनाच्या रजिस्टरात आईची नोंद होती, जागेची नव्हती. खोदायला सुरुवात केली आणि तीन फुटांवर पहार विटांवर आपटली. दगड नसलेली जुनी कबर होती. दुपारचा दीड, डोक्यावर ऊन, गेटपाशी शवपेटी आणि चाळीस माणसे थांबलेली. खड्डा दीड फूट पुढे घ्यायचा तर पलीकडच्या कुटुंबाची जागा जाते, म्हणून तिथे वाद. शेवटी पाळकसाहेबांना फोन गेला. ते आले, दोन पावले मोजली आणि म्हणाले, ‘इथून. खाली मोकळं आहे.’ खाली मोकळे होते.

त्या दिवशी काम झाले, पण निवृत्त पाळकांशिवाय दफनही होत नाही हे सगळ्यांनी पाहिले. मेमध्ये तरुण संघाने तीन शनिवार घेऊन नकाशा केला. 30 मीटरचा टेप, ओळी आखायला फक्की, प्रत्येक कबरीला रंगाने क्रमांक. 212 कबरी मोजल्या, त्यांतल्या 148 रजिस्टराशी जुळल्या. उरलेल्या 64 समोर प्रश्नचिन्ह घातले.

*लग्ने.* सहापैकी पाच कुटुंबांना लग्न जुन्या पाळकसाहेबांनीच लावायला हवे होते. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम 1872 च्या कलम 5 मध्ये लग्न कोण लावू शकतो ते सांगितले आहे. बिशपकडून दीक्षा झालेला पाळक आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे ते लावू शकतो. म्हणजे निवृत्त पाळकांना कायद्याने आडकाठी नव्हती. अडचण चर्चच्या शिस्तीची होती, दुसऱ्याच्या पालकत्वाखालील मंडळीत त्याच्या परवानगीशिवाय विधी करायचा नाही. ठरले असे की लग्नाआधीची तीन रविवारची घोषणा, शपथा, रजिस्टर आणि साक्षीदारांच्या सह्या प्रभारी पाळकांनी पाहायच्या, उपदेश आणि आशीर्वादाची प्रार्थना जुन्या पाळकसाहेबांनी करायची. चार कुटुंबांनी ते मान्य केले. पाचव्या घरी नावासकट पत्रिका छापून झाल्या होत्या. तिथे प्रभारी पाळकांनी लेखी परवानगी दिली आणि प्रश्न वाढवला नाही, शहाणपण केले.

वेळेचे भान मात्र कडक ठेवले. याच कायद्याच्या कलम 10 प्रमाणे लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत लागायला हवे. एक वरात पाचऐवजी सव्वासहाला पोचली. प्रभारींनी दोन गीते कमी केली, शपथा आधी घेतल्या आणि 6 वाजून 50 मिनिटांनी रजिस्टरवर सह्या झाल्या.

*जुन्या पाळकांशी लेखी समजूत.* मार्चमध्येच एक पानाचा कागद झाला. सहा महिने पाळकसाहेबांनी रविवारी दुसऱ्या मंडळीत उपासनेला जायचे, वर्षभर नव्या पाळकांनी बोलावल्याशिवाय विधी करायचा नाही, आणि कुणी तक्रार घेऊन घरी आले तर ‘पाळकांकडे जा’ एवढेच सांगायचे. एका सभासदाला हा कागद अपमान वाटला. खरे तर त्यामुळे पाळकसाहेबांची सुटका झाली, दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायला त्यांना आधार मिळाला.

नवे पाळक आल्यावर

पाळकनिवासाची गळती पावसाआधी काढली, मोटर बदलली, रंग दिला. स्वागत चांगले झाले. पहिला खटका बसला तो पाळकीणबाईंवरून. नव्या पाळकांच्या पत्नी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, पाळीची ड्यूटी. बुधवारी दुपारी तीनला त्या येऊ शकत नव्हत्या. ‘आधीच्या बाई यायच्या’ हे वाक्य जुलैत त्यांनी इतक्यांदा ऐकले की त्या रविवारीही मागच्या बाकावर बसू लागल्या. धर्मप्रांताने नेमणूक एका माणसाची केली होती, मंडळीने मनात दोघांची धरली होती. ऑगस्टमध्ये महिला मंडळाने आपली अध्यक्ष आपल्यातून निवडली आणि शब्बाथशाळा दोन शिक्षिकांकडे गेली. 14 वर्षे हे का केले नव्हते, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

दुसरा खटका गायनाचा. नव्या पाळकांनी तिसऱ्याच रविवारी कीबोर्ड आणि पडद्यावर गीते सुरू केली. महिन्याच्या शेवटच्या रविवारची भजनी मंडळाची पाळी नकळत गेली. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) भजन-कीर्तन ज्या भूमीत चर्चच्या आत रुजवले, तिथे पेटी, तबला, झांज बाजूला सरणे म्हणजे वाद्ये बदलण्याइतकी साधी गोष्ट नव्हे. तबला वाजवणारे काका दोन रविवार आलेच नाहीत. नवे पाळक स्वतः त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, आणि पुढच्या भजनाला झांज धरून मध्ये बसले. पडदा राहिला, शेवटचा रविवारही परत आला.

तिसरा प्रसंग ऑक्टोबरमधला. पाळकसाहेबांचे जुने स्नेही रात्री अकराला वारले. घरच्यांनी आधी फोन पाळकसाहेबांनाच केला. नवे पाळक धर्मप्रांताच्या सभेसाठी बाहेरगावी होते, त्यांचा फोन लागला नाही. सकाळी दफन पाळकसाहेबांनी केले. नवे पाळक दुपारी परतले तेव्हा सगळे उरकले होते. समजुतीच्या कागदात ‘नवे पाळक बाहेरगावी असतील तर कोण’ हे लिहिलेलेच नव्हते. त्या संध्याकाळी नवे पाळक पाळकसाहेबांकडे गेले. ‘तुम्ही गेलात ते बरंच केलंत, मला एक मेसेज टाकायला हवा होता,’ एवढे बोलणे झाले. तिसऱ्या दिवसाची प्रार्थनासभा दोघांनी मिळून घेतली. कागदावर एक ओळ वाढली: पाळक नसतील तर प्रभारी शेजारचे पाळक, तेही नसतील तर पाळकसाहेब, आणि दोन्ही वेळा सेक्रेटरींनी नव्या पाळकांना संदेश पाठवायचा.

निष्पत्ती

जुलैत रविवारची हजेरी 135 पर्यंत उतरली, पुढच्या मे महिन्यात 170 झाली. मासिक वर्गणी सप्टेंबरपर्यंत घटली, कापणीच्या सणानंतर सावरली. चार कुटुंबे स्वतंत्र फेलोशिपकडे (धर्मप्रांताबाहेरच्या प्रार्थनागटाकडे) गेली, त्यांतले एक परतले. 17 पैकी एकाही आजारी माणसाचे प्रभुभोजन चुकले नाही, ते वहीमुळे.

वेगळे काय करता आले असते

सोमवारच्या बैठका पत्र आल्याच्या आठवड्यातच सुरू व्हायला हव्या होत्या, आणि सहाऐवजी दहा लागल्या असत्या. खेड्यांवरच्या मंडळ्यांचा एकही माणूस त्यांत नव्हता. एका खेड्यात एप्रिल-मेमध्ये उपासनाच झाली नाही, आणि ते जूनपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही. ही या प्रकरणातली सर्वांत दुखरी चूक आहे. मोठ्या मंडळीने आपले 11 आठवडे सांभाळले आणि लहानांना विसरली.

नव्या पाळकांना रुजू होण्याआधी दोन दिवस बोलावून जुन्या पाळकांबरोबर घरभेटींना फिरवता आले असते. त्यासाठी एस.टी.चे भाडे आणि कुणाच्या तरी घरचे जेवण एवढाच खर्च होता. निरोपाचा समारंभ आणि चाव्या-रजिस्टरे सोपवणे एकाच दिवशी ठेवले, त्यामुळे हार-भाषणांच्या गडबडीत लग्नाचे जुने रजिस्टर पाळकसाहेबांच्या सामानाबरोबर नव्या घरी गेले आणि मे महिन्यात कपाटातून शोधून आणावे लागले. सोपवणी आदल्या दिवशी, यादी करून, दोन्हीकडच्या सह्यांनी व्हायला हवी होती.

आणि कबरस्थानाचा नकाशा निरोपाआधी, पाळकसाहेबांना बरोबर घेऊन करायचा होता. ते नोव्हेंबरमध्ये झाले. नव्या पाळकांनीच त्यांना बोलावले. दोघे शनिवारी सकाळी फिरतात, एकाच्या हातात नकाशा, दुसऱ्याच्या हातात काठी. काठी जिथे टेकते तिथे नाव लिहिले जाते. प्रश्नचिन्ह असलेल्या 64 पैकी आतापर्यंत 23 कबरींना नावे लागली आहेत. उरलेल्यांसाठी खेड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांना जीपने आणायचे ठरले आहे.